तुळईचा देव्हारा

जुना वाडा पाडला की त्याच्या तुळया, वासे, खांब विकायला निघतात आणि आमच्यासारखे पुण्यातले फर्निचरवाले त्यावर टपलेलेच असतात. हल्लीच्या लागवडीच्या सागाला कडेचं पांढरं लाकूड बरंच असतं आणि वाळवीला नेमकं तेच आवडतं. वाड्याची चांगली तुळई मात्र बहुतेक गाभ्याचीच, शे-दीडशे पावसाळे छपराखाली मुरलेली. करवतीखाली घातली की तो चामड्यासारखा, किंचित तेलकट वास अजूनही येतो. त्रास एकच, खिळ्यांचा. हाताने घडवलेला एखादा लोखंडी खिळा आत दडून बसलेला असतो आणि पातं मोडतो. तो उपटला तरी भोवती काळा डाग राहतो. रंधा मारून मारून फळी पातळ होते, डाग जात नाही.

अशाच एका तुळईतून देव्हारा करायचं ठरलं, तेव्हा काकूंनी विचारलं, "त्या घरात कोणी ना कोणी गेलं असेल हो. बाळंतपणं, सुतकं, काय काय झालं असेल त्या लाकडाखाली. देवाला चालेल?"

"काकू, ज्यात कोणी गेलंच नाही असा जुना वाडा मला पुण्यात दाखवा," मी म्हटलं.

पण हा प्रश्न हसण्यावारी नेण्यातला नाही. वराहमिहिराने सहाव्या शतकात 'बृहत्संहिते'त पलंग-आसनांच्या लाकडांचा विचार केलाय. साग तिथे चांगल्या लाकडांत आहे. विजेने पडलेलं, स्मशानातलं, पाखरांची घरटी किंवा मधाची पोळी असलेलं झाड मात्र वर्ज्य. घरट्यांची अट मला मनापासून पटते. विजेचीही पटते, कारण तसल्या खोडाला आतून भेगा गेलेल्या असू शकतात. पण स्मशानातल्या झाडाने काय पाप केलं? आसपास घडलेलं लाकूड लक्षात ठेवतं असं धरलं, तरच त्या नियमाला अर्थ.

छांदोग्य उपनिषदात उद्दालक श्वेतकेतूला सांगतो की मडकी कितीही असोत, खरी ती माती, आकार म्हणजे नुसतं नाव. पुढे तो सोन्याचा आणि लोखंडाचा दाखला देतो. कुंभार, सोनार, लोहार तिघांची सोय लागली, सुताराला काही बोलावलं नाही. योग्यच केलं म्हणा. दागिना आटवला की पुन्हा सोनं, घडणावळीची खूण उरत नाही. तुळईचा पुन्हा ओंडका होत नाही. एकदा खाच पाडली की ती कायमची.

त्याच अध्यायात पुढे झाड येतं. एका फांदीतून जीव निघाला की ती सुकते, सगळ्या झाडातून निघाला की सगळं सुकतं. मरतं ते शरीर, जीव मरत नाही. या हिशेबाने माझ्या कारखान्यातला सगळा माल जीव सोडून गेलेला. सुतक धरायचंच तर आधी झाडाचं धरा! तरीही जून लागला की हे गेलेलं लाकूड हवेतलं पाणी पिऊन फुगतं आणि वैशाखात आक्रसतं. साग त्यातल्या त्यात कमी, म्हणून तर त्याला हा भाव. दाराचं पॅनेल आम्ही चौकटीच्या खाचेत सुटं सोडतो, सरस लावत नाही. हलायला जागा ठेवली नाही तर ते चिरतं. अशा वस्तूला निर्जीव म्हणताना माझी जीभ अडखळते.

पण ते हलतं पाण्याने, डागाळतं खिळ्याने. त्याला जे लागलं तेवढंच त्यात राहतं. खाली कोण रडलं हे त्यात कुठे सापडत नाही, आणि मी बरीच लाकडं चिरली आहेत. मार्च २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी बल्लारपूरहून सागवान गेलं ते काष्ठपूजन करून, मिरवणुकीने. चंद्रपूरकडच्याच सागाची मी लोकांना चपलांची कपाटंही करून दिली आहेत. ती पूजा खोटी होती असं मी म्हणणार नाही. माणसांना तिची गरज होती, लाकडाला नव्हती.

काळा डाग मी मागच्या फळीत घेतला. काकूंना गोमूत्र शिंपडायचं होतं. माझी ना नव्हती, पण लाखेचं पॉलिश अजून ओलं होतं. आठ दिवस थांबा म्हटलं, नाहीतर पांढरे ठिपके उठतील. त्यात मुहूर्त टळत होता. शेवटी खालच्या चौरंगावर शिंपडून काम भागवलं.