फळ्याखालची सही

रिसोडहून पैनगंगेच्या अंगानं खाली उतरलं की नदीकाठची गावं लागतात. त्यांतल्या एका गावाची ही गोष्ट. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर आसपासची माणसं लगेच ‘हा तो, ती ती’ करत बसतील आणि गोष्ट राहील बाजूला.

त्या गावात एसटीच्या थांब्यासमोर एका पोराचं दुकान होतं. झेरॉक्स, सातबारा, पीकविम्याचे फॉर्म, रिचार्ज. पोरगा बी.ए. झालेला, पोलीस भरतीच्या मैदानावर धावून परत आलेला, आणि अक्षर असं की कुणाच्याही लग्नाची पत्रिका लिहायची तर त्यालाच बोलावणं. शाळेनं मोडीत काढलेला एक फळा त्यानं मागून आणला आणि दुकानाबाहेर टांगला. सुरुवातीला त्यावर त्याच्याच धंद्याचं असायचं : पीकविम्याची शेवटची तारीख, केवायसीला कोणते कागद आणायचे. मग वाशीमच्या बाजार समितीतला सोयाबीनचा भाव आला. या आठवड्यात थ्री फेज लाईन दिवसा आहे की रात्री, हे आलं. कुणाची शेळी चुकली, कुणाकडं तेरवी आहे, कोणत्या वावराकडं बिबट्या दिसला असं म्हणतात आणि प्रत्यक्षात तो कुत्रा कसा निघाला, हेही येऊ लागलं. खाली तो रोज सही करायचा. पूर्ण नाव, तारीख.

रोज सकाळी फळ्याचा फोटो काढून तो मोबाइलवर टाकायचा. चाकणच्या कंपन्यांत लागलेली पोरं तो बघायची. तांड्यावरची जी कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला जात, ती फडावर बसून बघायची. गावातली मयत कधी कधी शेजारच्या गल्लीआधी पुण्याला कळू लागली. एकदा एका बाळंतिणीला अकोल्याला हलवलं आणि रक्त लागणार असं फळ्यावर आलं, तर अकोल्यात शिकणारी गावची दोन पोरं गाडी पोहोचायच्या आधी दवाखान्याच्या दारात उभी होती. पांगलेलं गाव त्या काळ्या फळीवर रोज एकदा गोळा व्हायचं. नेत्यांच्या सभांना हे कधी जमलेलं नाही, आणि सभांना तर जेवणही असतं.

फळ्याचं वजन वाढलं ते एका नालीमुळं. वित्त आयोगाचा पैसा थेट ग्रामपंचायतीकडं येतो आणि कशावर किती खर्च झाला ते सरकारच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतं. पाहतं कोण, हा वेगळा प्रश्न. या पोरानं पाहिलं. गावाच्या खालच्या वस्तीतली नाली तिथं ‘पूर्ण’ होती. तो उठला, वस्तीत गेला, चिखलात उभा राहिला, फोटो काढला. दुसऱ्या दिवशी फळ्यावर कामाचं नाव, खर्चाचा आकडा आणि खाली एकच ओळ : ‘ही नाली कोणी पाहिली असेल तर दाखवावी.’ खाली सही.

आपल्याकडं ग्रामसभेला गणपूर्ती लागते ती मतदारांच्या पंधरा टक्क्यांची किंवा शंभर माणसांची, जे कमी असेल त्याची. त्या गावात एरवी एवढीसुद्धा माणसं यायची नाहीत. रजिस्टरच घरोघर फिरायचं. त्या वेळी मात्र पंचायतीच्या दाराबाहेर चपलांना जागा उरली नाही. खालच्या वस्तीतल्या बायका पुढं बसल्या. सरपंचबाईंच्या वतीनं बोलायला त्यांचे यजमान उठले तेव्हा एक म्हातारी म्हणाली, “तुम्ही बसा जी. सरपंच तं त्या हायेत न? त्यायले बोलू द्या.” बाई बोलल्या, आणि बऱ्या बोलल्या. पावसाळ्याआधी नाली झाली.

थांब्यावरच्या बाकावर एक निवृत्त गुरुजी रोज बसत. ते पोराला म्हणाले, “तुले मुकुंदराव पाटील माहीत हायेत का?” पोराला वाटलं, असतील कुणी सर्कलमधले जुने सदस्य.

मग गुरुजींनी सांगितलं ते असं. कृष्णराव भालेकरांनी १ जानेवारी १८७७ ला पुण्यात ‘दीनबंधू’ काढला. शेतकऱ्याचं, कामकऱ्याचं गाऱ्हाणं मांडणारं ते सत्यशोधकांचं पत्र. भालेकरांचा मुलगा मुकुंदराव. नेवासे तालुक्यातल्या तरवडीला दत्तक गेला, म्हणून पाटील. १९१० मध्ये त्यांनी ‘दीनमित्र’ काढलं आणि १९६७ मध्ये मरेपर्यंत, सत्तावन्न वर्षं, चालवलं. पुण्या-मुंबईहून नव्हे, आयुष्याचा बहुतेक काळ तरवडीहून, एका खेड्यातून. ज्या काळात गावाचं दप्तर वतनदार कुळकर्ण्याच्या घरी बंद असायचं आणि कुणाच्या नावावर किती जमीन, किती सारा, हे तो सांगेल ते खरं, त्या काळात या माणसानं ‘कुलकर्णी लीलामृत’ नावाचं ओवीबद्ध पुस्तक लिहिलं. पोथीसारखं वाचायचं, आणि वाचता वाचता हसायचं. पुढं १९१८ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात कुळकर्णी वतनं खालसा करून पगारी तलाठी नेमले. एका पुस्तकानं वतन गेलं असं म्हणायला मी धजणार नाही. पण लोक ज्याला घाबरत होते त्याला आधी हसू लागले होते, हे खरं.

“आन् एक ध्यानात ठेव,” गुरुजी म्हणाले, “हा मानूस ज्यायच्याबद्दल लिहे, त्यायच्यातच राहे. पत्रावर संपादक म्हनून नाव छापून.”

पोरानं पहिला अर्धा भाग ऐकला. दुसरा ऐकताना दुकानात गिऱ्हाईक आलं होतं.

फळ्याची कीर्ती नदीपलीकडं हिंगोलीच्या हद्दीत गेली. शेजारच्या तीन-चार गावांत तसेच फळे लागले. जिल्हा परिषदेच्या सर्कलमध्ये उभं राहायची इच्छा असलेले पुढारी थांब्यावर उतरून चहा पिऊ लागले आणि चहा पिता पिता फळा वाचू लागले. आणि तेवढ्यात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली.

एका पॅनलचा प्रमुख रात्री दुकानात आला. रंगीत प्रिंटर देतो म्हणाला. सगळी छपाई तुझ्याचकडं म्हणाला. अट काही फार नव्हती. फळ्यावर काही लिहू नको. फळा चांगला आहे, त्याला हात लावायचा नाही. मोबाइलवर एक वेगळा ग्रुप काढ, नंबर आम्ही देतो, नाव कुणाचंच नको. “तुले कोन ईचारते? लिहिनारा दिसतच नाही तं!”

प्रिंटर आला.

बिनसहीचा मजकूर लिहायला सोपा असतो, हे त्याला पहिल्याच रात्री कळलं. फळ्यावर एक ओळ लिहायला अर्धा तास लागायचा. शेजारी वाचणार, चुलता वाचणार, सकाळी ज्याच्याबद्दल लिहिलं तोच माणूस दूध घेऊन समोरून येणार. इथं दहा मिनिटांत पाच मजकूर होत. आणि लोक ते फळ्यापेक्षा जास्त वाचत, हेही खोटं नाही. या जातीच्या मजकुराचं टोक महाराष्ट्रानं पाहिलेलं आहे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला, आठवडी बाजाराच्या दिवशी, भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. मंगळवेढ्याकडची माणसं ती. पोरं पळवणारी टोळी आली आहे, एवढाच निरोप मोबाइलवरून फिरत होता. निरोपाखाली नाव नव्हतं. असतं, तर एखाद्यानं तरी विचारलं असतं की बाबा, तू पाहिलंस का?

आपल्या गोष्टीत कुणी मेलं नाही. एवढंच झालं की मतदानाला आठवडा असताना त्या ग्रुपवर आलं : ‘मेलेल्या माणसाच्या नावावर घरकुल. पहिला हप्ता कोणी खाल्ला?’ सोबत सरकारी यादीचा फोटो, एका नावाभोवती लाल गोल. बाण होता समोरच्या पॅनलच्या उमेदवारावर, कारण त्या वॉर्डाचा सदस्य तोच. यादी खरी होती. नाव खरं होतं. माणूस मेला होता हेही खरं. नालीच्या वेळी तो वस्तीत जाऊन चिखलात उभा राहिला होता. या वेळी घर दुकानापासून हाकेच्या अंतरावर होतं आणि तो गेला नाही. गेला असता तर दिसलं असतं की मंजुरी नवऱ्याच्या हयातीत आली, तो नंतर गेला, आणि पहिल्या हप्त्यात बायकोनं जोत्यापर्यंत बांधकाम आणून ठेवलं आहे.

कुणीतरी तो फोटो जोडून तक्रार केली. चौकशी लागली. दुसरा हप्ता थांबला.

चार दिवसांनी ती बाई दुकानात आली. लिहिता-वाचता येत नसलेली, मजुरीला जाणारी. हातात नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला आणि पासबुक, प्लॅस्टिकच्या पिशवीत.

“बाबू, एक अर्ज लिहून दे. माह्या मानसाचं नाव मोबाइलवर कोनं टाकलं, त्याचा तपास करा म्हना.”

त्यानं कागद घेतला. ‘प्रति’ लिहिलं. ‘विषय’ लिहिला. मग ‘अज्ञात इसमाने’ असं लिहून तो थांबला. काय लिहिलं ते तिनं विचारलं. त्यानं वाचून दाखवलं.

“अज्ञात म्हंजे?”

“म्हंजे... कोन ते माहीत नाही असा.”

“असं कसं?” ती म्हणाली. “लिहिनाऱ्याले माहीत असंन न कोनं लिहिलं ते.”

तिला काही ठाऊक नव्हतं. ती सरळ बोलत होती. गावात लिहिणारा कोण, तर हा; म्हणून अर्जही त्याच्याकडंच आला.

त्यानं तो कागद फाडला आणि दुसरा घेतला. या वेळी ‘अज्ञात इसमाने’च्या जागी स्वतःचं नाव घातलं, मोठ्यानं वाचून दाखवलं, आणि शाईचा पॅड तिच्यापुढं सरकवला. बाई बराच वेळ त्याच्याकडं पाहत राहिली. मग अंगठा उठवला, अर्ज पिशवीत घातला आणि पैसे किती झाले ते विचारलं. त्यानं घेतले नाहीत. तिनं दहाची नोट काउंटरवर ठेवली.

रात्री प्रिंटर परत गेला. सकाळी फळ्यावर सोयाबीनचा भाव नव्हता, लाईनची वेळ नव्हती. फळाभर एकच मजकूर होता : घरकुलाचं खरं काय ते, मंजुरी आधी आणि मयत नंतर, तो ग्रुप कोण चालवत होता, कुणाच्या सांगण्यावरून, आणि बदल्यात काय मिळालं होतं. खाली पूर्ण नाव, तारीख.

त्याचं पुढं काय झालं, तर जे व्हायचं ते झालं. एका पॅनलनं त्याला गद्दार ठरवलं, दुसऱ्या पॅनलनं त्याच फळ्याचा फोटो आपल्या प्रचाराला वापरला. त्यांच्याही छपाईला तो नाही म्हणाला, म्हणून तेही तुटले. पोलीस ठाण्यात बोलावणं झालं. जबाब देऊन आला. निवडणुकीत एकाचे पाच आले, दुसऱ्याचे चार. कुणाचे पाच, यानं नालीला काही फरक पडत नाही. महिनाभर फळ्यापुढं कुणी थांबलं नाही, चाकणच्या पोरांनी फोटोखाली नाही नाही ते लिहिलं. तो रोज भाव लिहीत राहिला, सही करत राहिला. गुरुजी बाकावर बसत, पण त्याच्याशी बोलत नसत. नालीचं कौतुक त्यांनी गावभर केलेलं, त्यामुळं त्यांना जास्त लागलं होतं.

चौकशी होऊन गेली, अहवाल ठीक गेला म्हणतात, पण हप्ता काही येईना. तेव्हा एक दिवस त्या बाईची आठवीतली पोरगी शाळेच्या गणवेशात दुकानासमोर उभी राहिली आणि खडू मागितला. त्यानं दिला. तिनं भावाच्या खाली रिकाम्या जागेत लिहिलं : ‘आमच्या घरकुलाचा दुसरा हप्ता कोणत्या तारखेला मिळेल?’ तो म्हणाला, खाली मी सही करतो. ती म्हणाली, कायले? आणि स्वतःचं नाव लिहिलं, बापाचं नाव लिहिलं, आडनाव लिहिलं, वर्गसुद्धा लिहिला.

अकराच्या गाडीनं ग्रामसेवक उतरले. फळ्यापुढं थांबले. खिशातून डायरी काढून त्यांनी आधी पोरीचं नाव उतरवून घेतलं, मग प्रश्न.

“कोनाची पोरगी हाये ही?” त्यांनी पोराला विचारलं.

बाकावरून गुरुजी म्हणाले, “लिहिलं हाये न खाली, साहेब. वाचा.”