दंतकथेवाचून टिकलेला कवी

इंदूर जिल्ह्यातल्या देपालपूर तहसिलीतले गौतमपुरा हे गाव मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावाने वसले. आज ते माहीत आहे ते दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी होणाऱ्या हिंगोट-युद्धासाठी. हिंगोटाचे फळ पोखरून वाळवायचे, त्यात दारू ठासायची आणि पेटवून समोरच्या दळावर भिरकावायचे. गौतमपुऱ्याचे दळ तुर्रा, शेजारच्या रुणजीचे दळ कलंगी. मराठी माणसाचे कान इथे टवकारतात, कारण आपल्याकडे कलगी आणि तुरा भिडतात ते शाहिरीच्या फडावर. एक बाजू शक्तीची थोरवी गाते, दुसरी शिवाची; सवालाला जबाब, कूटाला उकल, आणि रात्र सरते. तिकडे आग आणि इकडे शब्द असले, तरी दोन्हीकडे समोर प्रतिस्पर्धी लागतो आणि भोवती गर्दी लागते.

कवितेचा फार मोठा प्रांत असा चारचौघांतला आहे. पोवाडा, सवाल-जबाब, उपदेश, जागृतीची हाक या सगळ्यांना समोर कोणीतरी हवे असते. पण याच माळव्यात, इंदूरच्या दुसऱ्या अंगाला असलेल्या देवासात, एक मराठी तरुण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वेगळीच कविता लिहू लागला होता. तिला हरवायला कोणी नको होते आणि पटवायलाही कोणी नको होते. भास्कर रामचंद्र तांबे यांच्या त्या कवितेला आता शंभर वर्षे उलटून गेली. तिच्यातले शब्द आजही मराठी घरांत गुणगुणले जातात. कोणाची बाजू न घेणारी, कोणती बातमी न देणारी ही कविता इतकी कशी टिकते?

या प्रश्नाचे सोपे उत्तर बहुधा कवीच्या आयुष्यात शोधले जाते. त्यासाठी रशियाच्या सेर्गेई येसेनिनइतके सोयीचे उदाहरण नाही. १८९५ साली र्‍याझान प्रांतातल्या कोन्स्तान्तिनोवो या खेड्यात शेतकऱ्याच्या घरी जन्म. ओका नदीचा काठ, बर्च झाडे, गुरेढोरे, म्हातारी आई यांची कविता. मग शहर, कीर्ती, दारू, भांडणे. इसाडोरा डंकन या जगप्रसिद्ध नर्तिकेशी लग्न आणि ताटातूट. आणि डिसेंबर १९२५ मध्ये लेनिनग्राडच्या एका हॉटेलात, वयाच्या अवघ्या तिसाव्या वर्षी, आत्महत्या. त्यानंतर वर्षभराने त्याच्या एका जिवलग मैत्रिणीनेही त्याच्या कबरीपाशी जीव दिला. कवी मायकोव्हस्कीने येसेनिनच्या मरणाला उत्तर म्हणून, जगणे सोडू नका असे बजावणारी कविता लिहिली, आणि १९३० मध्ये तोही त्याच वाटेने गेला. १९२७ मध्ये सोव्हिएत नेता बुखारिनने येसेनिनी वृत्तीवर जाहीर कोरडे ओढले. पुढची बरीच वर्षे सत्तेची नाराजी राहिली. तरीही सैनिकांनी, मजुरांनी, कैद्यांनी त्याच्या कविता वहीत उतरवल्या, चाली लावून म्हटल्या. त्याने आईला लिहिलेल्या पत्राची कविता रशियात लोकगीतासारखी गायली जाते.

एवढे सांगितले की ऐकणारा म्हणतो, बरोबर आहे, असे जळून गेलेले आयुष्य असल्यावर कविता काळजाला हात घालणारच. हे उत्तर मला नेहमी अपुरे वाटते. जळून गेलेल्या आयुष्यांची जगात कधीच वाण नव्हती, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या कविता कोणाला आठवत नाहीत. येसेनिनच्या बाबतीत अडचण अशी, की दंतकथा आणि कविता एकमेकींत इतक्या गुंतल्या आहेत की कोणामुळे कोण तरले हे सांगता येत नाही. त्यासाठी दंतकथा नसलेला गीतकवी तपासायला हवा. असा कवी आपल्या घरातच आहे.

तांब्यांच्या आयुष्यात दंतकथेला काही सापडत नाही. १८७३ मध्ये ग्वाल्हेर संस्थानातल्या मुंगावलीला जन्म, देवासात बालपण आणि शिक्षण, राजकुमारांची शिकवणी, मग मध्य भारतातल्या संस्थानांतून निरनिराळ्या हुद्द्यांच्या नोकऱ्या, उतारवयात ग्वाल्हेरचे राजकविपद, आणि ७ डिसेंबर १९४१ ला तिथेच मृत्यू. वय अडुसष्ट. ना बंड, ना तुरुंग, ना बदनामी. कवितांची हाकाटीही त्यांनी केली नाही. पहिला संग्रह १९२० मध्ये, म्हणजे पंचेचाळिशी उलटल्यावर निघाला, आणि तोही वा. गो. मायदेवांनी संपादून. १९३५ ची समग्र कविता सिद्ध केली माधव जूलियन यांनी. पुण्या-मुंबईच्या वर्तुळापासून दूर राहणाऱ्या या संस्थानी नोकराची कविता दुसऱ्यांनी हौसेने गोळा करावी, हीच तिच्या ओढीची पहिली साक्ष आहे.

मग ओढ कशाची? तांब्यांच्या कवितेतला ‘मी’ पाहिला तर उत्तराचा एक पदर हाती लागतो. तो ‘मी’ क्वचितच तांबे असतो. कधी ती सासरी निघालेली नवरी असते, कधी विधवा, कधी तान्ह्यापाशी जागणारी आई, कधी प्रियकराच्या नजरेने घायाळ झालेली मुलगी. ब्राउनिंग आणि टेनिसन त्यांनी मन लावून वाचले होते. पात्राच्या तोंडून बोलणारी ‘नाट्यगीते’ मराठीत रुजवण्याचे श्रेय त्यांच्याकडे जाते. पण आंग्ल कवींचे पात्र बहुधा एका विशिष्ट काळाचे, विशिष्ट स्वभावाचे, नावागावाचे असते. तांब्यांची नवरी कोणत्या गावची, कोणाची लेक, हे ते सांगत नाहीत. प्रसंग नेमका ठेवतात आणि माणूस मोकळा. त्यामुळे त्या जागी कोणीही जाऊन उभे राहू शकते. म्हणणाऱ्याला कवीचे दुःख ऐकावे लागत नाही. स्वतःचे दुःख म्हणायला शब्द मिळतात.

याचा पुरावा नवरीच्या त्या प्रसिद्ध कवितेतच आहे. जाणकार ती जीव आणि मृत्यू, किंवा आत्मा आणि परमात्मा, अशा अर्थाने वाचतात. पियाच्या घरी जायला बावरणारी ती वधू देह सोडायला बावरणारा जीव आहे, असे ते म्हणतात, आणि ते योग्यच आहे. पण मराठी लग्नघरांत हेच गीत कित्येकदा लावले गेले, म्हटले गेले, आणि मुलीची आई ते ऐकून खऱ्याखुऱ्या सासुरवाडीच्या आठवणीने रडली. ती चुकली का? माझ्या मते नाही. माहेर सोडण्याची भीती खरी वाटल्याशिवाय जग सोडण्याच्या भीतीला ते रूपक पेलतच नाही. थोर भावगीत दोन्ही माणसांना आत घेते, वेदान्त जाणणाऱ्याला आणि डोळे पुसणाऱ्या आईला, आणि दोघांपैकी कोणालाही परके करत नाही.

दुसरा पदर गाण्याचा. तांब्यांच्या समग्र कवितेत अनेक कवितांखाली जाती आणि राग दिलेला असतो. कुठे लिहिली आणि कोणत्या साली, तेही. देवास, अजमेर, लष्कर-ग्वाल्हेर अशी गावे तिथे भेटतात. यातली रागाची नोंद नुसती हौस नव्हती. ग्वाल्हेर म्हणजे ख्यालगायकीचे माहेरघर. तिथल्या हवेत वावरलेल्या कवीला ओळ लिहितानाच तिचा स्वर माहीत असे. पुढे वसंत प्रभूंनी आणि हृदयनाथ मंगेशकरांनी त्या शब्दांना चाली दिल्या, इंदुरातच १९२९ मध्ये जन्मलेल्या लता मंगेशकरांनी त्या गायल्या, आणि तांबे पुस्तकातून आकाशवाणीवर आले.

इथे एक शंका येते. मग टिकली ती कविता की चाल? तांब्यांचे श्रेय आपण लताबाईंच्या गळ्याला द्यायचे का? काही अंशी द्यायलाच हवे. पण त्या काळात शेकडो भावगीते ध्वनिमुद्रित झाली, उत्तम आवाजांत झाली, आणि विरून गेली. ज्या शब्दांत म्हणणाऱ्याला उभे राहायला जागा नव्हती त्यांना सुंदर चालही वाचवू शकली नाही. चालीने तांब्यांची कविता लोकांच्या ओठांपर्यंत नेली. ओठांवर ती राहिली स्वतःच्या बळावर. येसेनिनचेही हेच झाले. त्याच्या आईच्या कवितेला चाल मिळाली म्हणून ती पसरली. पण घर सोडून शहरात आलेल्या लाखो रशियन मुलांना आपल्या आईला जे लिहायचे होते आणि जमत नव्हते, ते तिथे आयते लिहून ठेवलेले होते. त्यातला मुलगा नावाजलेला कवी आहे, हे म्हणताना विसरायला होते. दंतकथा बाजूला केली तरी ती कविता उभी राहते.

माळव्यातल्या मराठी घरांना हे जास्त चांगले समजावे. होळकर, शिंदे, पवार यांच्या मागोमाग इथे आलेली कुटुंबे कित्येक पिढ्या इथलीच झाली आहेत. कचेरीत हिंदी, बाजारात माळवी, मुलांच्या शाळेत हिंदी किंवा इंग्रजी, आणि मराठी उरते ती स्वयंपाकघरात, देवघरात, गणपतीच्या दहा दिवसांत. इंदूरने १९१७, १९३५ आणि २००१ अशी तीन अखिल भारतीय साहित्य संमेलने भरवली, हा त्या समाजाच्या जिद्दीचा भाग झाला. पण संमेलनाचा मंडप उतरतो. रोजच्या जगण्यात, जो देवनागरी वाचतो पण मराठी पुस्तक हाती धरत नाही, त्या तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत साहित्यातले काय पोचते? कादंबरी पोचत नाही, वैचारिक लेख तर नाहीच. आजीने गुणगुणलेले गाणे पोचते. त्या गाण्यातून तिन्हीसांजेची हुरहूर, सोडून जाण्याची घालमेल, म्हातारपणीची समजूत यांसाठीचे मराठी शब्द पोचतात. ज्या भाषेत माणूस हिशेब करतो ती सहज बदलता येते. ज्या भाषेत तो हळवा होतो ती बदलायला पिढ्या लागतात. तांबे या दुसऱ्या भाषेचे कवी आहेत, आणि ते याच मातीतले आहेत, पुण्याहून आलेले नाहीत.

तांब्यांवर आक्षेप नाहीत असे नाही. केशवसुतांनी समाजाला खडसावले, तसे तांब्यांनी फारसे केले नाही. गोडवा कधी कधी अतीच होतो. संस्थानी ऐषआरामाचा दर्प काही प्रेमगीतांना आहे. त्यांतली स्त्री पुष्कळदा पुरुषाला हवी तशी लाजते, हवी तशी झुरते. हे सगळे खरे आहे. येसेनिनवरही भावविवशतेचा आरोप झालाच होता. पण या आक्षेपांचा रोख कवीने काय सांगितले याकडे असतो, आणि भावकवितेचे काम सांगण्यापुरते नसते. ‘रिकामे मधुघट’ ही कविता १९३३ मधली, कवी साठीला टेकला तेव्हाची. प्रेमगीतांची मागणी करणाऱ्याला तो म्हणतो की आता ते माझ्यापाशी उरले नाही. त्यात विचार म्हणावा असा नवा काहीच नाही. पण निवृत्त शिक्षक, आवाज गेलेला गवई, मुले दूर गेलेली आई, ज्यांच्यापाशी अजून काहीतरी मागितले जाते आणि देण्याची ताकद सरली आहे, अशा प्रत्येकाला नकार देण्याची एक सभ्य, दुखरी रीत तिथे सापडते. मरणाबद्दल त्यांनी लिहिले तेही असेच. आपल्यामागे लोक क्षणभर हळहळतील आणि जगाचे रहाटगाडगे पुन्हा फिरू लागेल, ही गोष्ट प्रत्येकाला ठाऊक असते. ती तक्रार न करता म्हणायची कशी, हे ठाऊक नसते.

गोव्याचे बा. भ. बोरकर तांब्यांना गुरू मानत. माळव्यातल्या कवीचा वारसा कोकण किनाऱ्यावर फुलावा, यात अंतराचे नवल आहे. पण तत्त्वाचे नाही. मोकळा ‘मी’ प्रदेश ओलांडतो, आणि चालीवर बसलेला शब्द लिपीही ओलांडतो.

आज कवीची ओळख कवितेआधी होते. त्याची मुलाखत, त्याची जखम, त्याचा संघर्ष आधी कळतो, आणि कविता त्या आयुष्याची पावती म्हणून वाचली जाते. ज्यांना स्वतःच्याच अनुभवाचा दाखला द्यायचा आहे त्यांनी तो जरूर द्यावा. दडपलेल्या आवाजांनी ‘हे माझेच’ असे ठणकावणे हीसुद्धा मराठी कवितेची मोठी कमाई आहे. पण त्या कवितेपुढे आपण साक्षीदार असतो. तांब्यांच्या कवितेत आपण रहिवासी असतो. दोन्हींची गरज वेगळी आहे, आणि एकीच्या कसोटीवर दुसरीला नापास करणे अन्यायाचे आहे. कवी कोण होता, कसा जगला, कसा मेला, हे विचारण्याआधी त्याच्या ओळी म्हणताना आपण कोण होतो, हे विचारावे. तांब्यांच्या बाबतीत त्या प्रश्नाचे उत्तर दर पिढीला नवे मिळत आले आहे, आणि त्यासाठी त्यांच्या चरित्राचे एक पानही उघडावे लागलेले नाही.