थांबण्याची ऐपत

जानेवारीत तूर खळ्यावरून उचलली, की आठ दिवसांच्या आत ती आडतीवर गेलेली असायची. वडील दरवर्षी म्हणायचे, "अवंदा जरा थांबू." आणि दरवर्षी पुढच्या बाजाराच्या आत पोती गाडीत चढायची. दुकानाची उधारी असायची, सोसायटीचा भरणा असायचा, आत्याच्या लग्नाचं राहिलेलं देणं असायचं. मग जूनमध्ये आम्ही तुरीची डाळ दुकानातून विकत आणायचो, आडतीवर मिळालेल्या भावापेक्षा कितीतरी चढ्या दरानं. लहानपणी मला वाटायचं, आपलं रान थोडं म्हणून असं होतं. रान थोडं होतंच. २०१५-१६ च्या कृषी गणनेत महाराष्ट्रातलं सरासरी वहिवाटीचं क्षेत्र १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकर भरलं. १९७०-७१ मध्ये ते ४.२८ हेक्टर होतं. पण आमची खरी टंचाई वेगळी होती. आमच्याकडे थांबण्याची ऐपत नव्हती.

सहकाराकडे मी या एकाच बाजूनं पाहत आलो आहे. ज्यांना एकेकट्यानं थांबता येत नाही, त्यांनी मिळून केलेली थांबण्याची सोय, म्हणजे सहकार.

ही टंचाई जुनी आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला भरल्या बाजारात कुणबी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. त्यांचा सगळा रोख कर्जरोख्यांवर होता. ते हिसकावून त्यांनी जाळले. अमेरिकेतल्या यादवीमुळे चढलेला कापूस तोवर कोसळला होता, नव्या पाहणीनं सारा वाढला होता. आणि सारा रोख भरायचा, ठरल्या तारखेला. पीक घरात आलं की तारीख दारात उभी. त्या तारखेपायी शेतकरी पडत्या भावानं विकायचा, नाहीतर सावकाराकडे अंगठा उठवायचा.

१९०४ च्या कायद्यानं सहकारी पतसंस्था आल्या. हेतू चांगला होता, पण त्यांनी पैसा दिला आणि सोबत आणखी एक तारीख दिली. १९५१-५२ च्या ग्रामीण पतपाहणीत शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सहकाराचा वाटा सुमारे ३ टक्केच निघाला. पुढे तो वाढला, गावोगाव विविध कार्यकारी सोसायट्या झाल्या; तारीख मात्र हलली नाही. मार्चअखेर जवळ आली की गावात 'नवं-जुनं' सुरू होतं. चार दिवसांसाठी खासगीतून पैसे उचलायचे, सोसायटीचं जुनं कर्ज भरायचं, नवं उचलून खासगीचे फेडायचे. त्या चार दिवसांचं व्याज विचारू नये. ज्या सावकारीतून सोडवायला सोसायटी जन्मली, त्याच सावकाराला ती दर मार्चमध्ये गिऱ्हाईक पाठवते. हे मला फार लागतं.

मग उसात सहकार एवढा का रुजला? भंडारदऱ्याच्या पाण्यावर प्रवरेकाठी ऊस पिकू लागला, तेव्हा खासगी कंपन्या शेतकऱ्यांच्याच जमिनी खंडानं घेऊन साखर काढत होत्या. लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून भागभांडवल गोळा केलं, अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ अध्यक्ष झाले आणि १९५० च्या अखेरीस महाराष्ट्रातला पहिला सहकारी साखर कारखाना धडधडू लागला. या माणसांची थोरवी आहेच. पण उसाचा स्वभावही त्यांच्या बाजूनं होता. तोडलेला ऊस थांबत नाही. दिवस उलटला की त्यातली साखर घटू लागते. आणि बॉयलर पेटल्यावर कारखान्यालाही थांबता येत नाही, त्याला रोज ठरलेला ऊस लागतोच. दोघांनाही थांबणं परवडणारं नव्हतं, म्हणून दोघे एकमेकांना बांधले गेले.

दुसरी गोष्ट मला त्याहून मोलाची वाटते. उसाचा दर कारखान्याच्या सरासरी साखर उताऱ्यावर ठरतो. वीस गुंठेवाल्याला टनामागे जो दर, तोच वीस एकरवाल्याला. मोठ्या बागायतदाराला स्वतःचा दर वाढवायचा तर सगळ्यांचा वाढवल्यावाचून गत्यंतर नाही. एका सभासदाला एक मत, हे तत्त्व कागदावर होतंच. सरासरीनं त्याला जमिनीवर पाय दिले.

पण दर सारखा असला तरी पाळी सारखी नसते. तोडणीची क्रमपाळी कागदावर लागणीच्या तारखेनुसार. प्रत्यक्षात कुणाचा फड आधी तुटणार हे कारखान्याच्या चिटबॉयच्या चिठ्ठीवर आणि वरून आलेल्या फोनवर ठरतं. अल्पभूधारकाचा ऊस एप्रिलपर्यंत उभा राहतो, तुरा येतो, वजन घटतं, वर टोळीला खुशाली द्यावी लागते. मत पाच वर्षांतून एकदा. पाळी दर हंगामात. एखाद्या कारखान्यात लोकशाही किती उरली आहे, हे मी निवडणुकीवरून नाही, पाळीच्या यादीवरून ठरवीन. आणि त्या फडात राबणारं जोडपं, ज्याला हिशेबात नुसतं 'कोयता' म्हणतात, ते तर सभासदही नाही. मुकादमाकडून पावसाळ्यातच उचल घेऊन त्यानं आपला हिवाळा विकलेला असतो. सहकाराची सोय त्याच्यापर्यंत कधी पोचलीच नाही, आणि या चळवळीनं हे स्वतःशी कधी नीट कबूल केलेलं नाही.

आता तूर, सोयाबीन, हरभरा. ही पिकं थांबू शकतात. थांबू शकत नाही तो शेतकरी. २०१७ मध्ये तुरीचं अमाप पीक आलं. हमीभाव बोनससह क्विंटलला ५,०५० रुपये होता, पण खरेदी केंद्रांवर बारदाना संपला आणि शेतकरी रस्त्याच्या कडेला पोत्यांशेजारी रात्री काढत राहिले. तेही थांबणंच होतं, पण लाचारीचं. शेतमाल तारण योजना १९९० पासून आहे. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवायचा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज सहा महिन्यांसाठी ६ टक्क्यांनी घ्यायचं. योजना मला मनापासून आवडते. पण आठ पोत्यांचा धनी भाडं आणि हमाली देऊन तालुक्याला कशाला जाईल?

शिवाय थांबलं की फायदाच होतो असंही नाही. २०२१ च्या उन्हाळ्यात-पावसाळ्यात सोयाबीन दहा हजारांच्या घरात गेलं. ती आशा धरून पुढची वर्षं ज्यांनी घरात थप्पी लावली, त्यांना २०२४ मध्ये ४,८९२ चा हमीभावही बाजारात मिळाला नाही. एकट्यानं थांबणं हा जुगार आहे, आणि गरिबाला तो खेळायला सांगणं पाप आहे.

म्हणून उसाची सरासरी कोरडवाहूत आणावी, असं मला वाटतं. गावच्या सोसायटीनं सभासदांची तूर वजन करून, प्रत पाहून घ्यावी, त्याच दिवशी निम्म्याहून अधिक रकमेची उचल द्यावी, माल फेब्रुवारीपासून सप्टेंबरपर्यंत थोडा थोडा विकावा, आणि सगळ्यांना प्रतीनुसार सरासरी भावानं दिवाळीआधी अंतिम हप्ता द्यावा. कर्जाची वसुली त्या हप्त्यातून व्हावी. मार्चअखेर आड येऊ नये. राज्यानं १९७२ पासून कापसाची एकाधिकार खरेदी जवळपास याच रीतीनं केली होती, पण भाव मुंबईत ठरायचा आणि तोटा तिजोरीचा असायचा. बाहेर भाव चढला की कापूस रातोरात राज्याची हद्द ओलांडायचा. तो सहकाराच्या नावानं चाललेला सरकारी व्यवहार होता. गावाच्या गोदामात तोटाही आपला असेल, म्हणून हिशेबही आपण मागू.

यंदा आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत मी हे मांडलं. भावाबद्दल कुणी विचारलं नाही. पहिला प्रश्न आला, "किल्ली कुणाकडे?" त्यावर तासभर चर्चा झाली. दोन कुलुपं लावायची, एक किल्ली गटसचिवाकडे आणि दुसरी दर महिन्याला वेगळ्या सभासदाकडे, इथवर आम्ही आलो. गोदामात सध्या युरियाची पोती आहेत आणि उत्तरेची भिंत पावसाळ्यात ओल धरते. तुरीला अजून तीन महिने आहेत.