कोमट पाण्याजवळ

जमिनीवर बसा. मांडी घाला.

समोर उथळ ट्रे आहे. ट्रेमध्ये कोमट पाणी. मनगटाची आतली बाजू त्याला लावून बघा. ऊब लागते, चटका नाही.

आता पिल्लू उचला. पोटाखाली तळहाताचा आधार द्या. आफ्रिकेतल्या सुल्काटा जातीचं हे कासव. अंड्यातून नुकतंच बाहेर आलंय, जेमतेम 5 सेंटिमीटरचं. पुढे ते 45 किलोंचंही होऊ शकतं. आत्ता त्याचं वजन हाताला धड कळतही नाही.

(आपल्याकडचं, पाठीवर चांदण्या असलेलं कासव भारतात घरी ठेवणं हा गुन्हा आहे. ते रानातच राहू दे.)

अलगद पाण्यात सोडा. पाठीचं आणि पोटाचं कवच जिथे जुळतं, तिथपर्यंतच पाणी हवं. मान न ताणता नाक वर राहायला हवं.

श्वास घ्या. सावकाश सोडा.

आता काही करायचं नाही. बघायचं.

पिल्लू थबकतं. डोळे मिटतं, उघडतं. इवलीशी नखं ट्रेच्या कडेला घासतात. तो आवाज ऐका.

थांबा. घाई नाही.

मान लांब होते. डोकं खाली झुकतं. नाक पाण्यात जातं. आता गळ्याखालची कातडी बघा. वर, खाली. वर, खाली.

पितंय.

तिथेच राहा. हात लावू नका. फोटोही नको.

मनात येईल, हे तर वाळवंटाच्या कडेचं जनावर. सहाराच्या दक्षिणेला, साहेलच्या कोरड्या पट्ट्यात राहणारं. याला इतकं पाणी कशाला?

नजर जमिनीखाली न्या. वर ऊन तापलंय. खाली खोल बीळ आहे, कासवानं स्वतः उकरलेलं. तिथे गारवा आहे. माती ओलसर आहे. उन्हाळ्याचे महिने कासव त्या ओलाव्यात काढतं.

त्या मातीजवळ थोडा वेळ राहा.

आता परत या. हे घर अमेरिकेतल्या फिनिक्स शहरातलं आहे. एसी चालू आहे. ओठांवरून जीभ फिरवा. कोरडेपणा जाणवतो? हीच हवा पिल्लू घेतंय. प्रत्येक उच्छ्वासाबरोबर त्याच्या अंगातली थोडी ओल बाहेर जातेय.

ओल्या पाठीकडे बघा. कवचाच्या चौकटींमध्ये फिकट रेषा आहेत. कवच तिथून वाढतं. हवा कोरडी असली की एकेक चौकट उंच होत जाते. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात याच जातीची पिल्लं वेगवेगळ्या आर्द्रतेत वाढवली होती. कोरड्या हवेतल्यांच्या पाठीला जास्त उंचवटे आले. आलेला उंचवटा नंतर मागे जात नाही. म्हणून सुरुवातीचे हे महिने मला फार मोलाचे वाटतात.

पिल्लाच्या लघवीतून पाण्यात काही पांढरं आलंय का? जवळून बघा. टूथपेस्टसारखं मऊ असेल तर छान. बोटांना रवाळ लागलं तर अंगात पाणी कमी पडतंय. डोळे खोल गेले असतील, खाणं सुटलं असेल, तर सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांना आजच दाखवा.

श्वास घ्या. सोडा.

वीसेक मिनिटं झाली. पाण्यात बोट बुडवा. ऊब ओसरू लागलीय. पिल्लाला उचला, मऊ फडक्यानं टिपा. मग त्याच्या पेटीत ठेवा. खाली ओलसर कोकोपीट, आर्द्रता 80 टक्क्यांच्या आसपास, आणि ऊब रात्रीही 26 अंशांच्या खाली न जाणारी. ओल आणि गारठा एकत्र आले की छाती भरते, तेवढं सांभाळा.

पाण्यातून बाहेर आल्यावर भूक लागते. थोडं गवत, काटे काढलेल्या फड्या निवडुंगाचा तुकडा समोर ठेवा. आधी काय खातं, ते बघा.