पाप कुणाच्या खाती?

मेहुण्याने पुण्याहून चिली देशाची पांढरी वाइन आणली, ती मी फ्रिजमध्ये कढीपत्त्याच्या जुडीमागे ठेवली. चोरी नव्हती हो, पण आमच्या लासलगावात फ्रिज उघडला की शेजारीही डोकावतात. जात सोव्हिन्याँ ब्लाँ. तिकडे कासाब्लांका खोऱ्यात सकाळी समुद्रावरून धुके येते, द्राक्ष सावकाश पिकते, आंबटपणा टिकतो. म्हणून ती गार प्यायची आणि सोबत मासळी, कोळंबी नाहीतर शेळीच्या दुधाचे चीज घ्यायचे, असे मेहुण्याचे फर्मान. या तिघांपैकी आमच्याकडे शेळी तेवढी मिळते. शेवटी हिने कांदाभजी तळली. कांद्याच्या गावात दुसरे काय तळणार? मिरची-कोथिंबिरीच्या भज्यांशी तो लिंबासारखा घोट असा काही जमला म्हणता!

तेवढ्यात आप्पा आले. गळ्यात तुळशीची माळ, दरवर्षी वारी, बँकेतले जुने खाते. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी कधी चुकवली नाही. मुलाने मात्र हल्ली दोन एकरांत वाइनची द्राक्षे लावलीत. शेजारी विंचूरला वाइन पार्क आहे, आणि नाशिकच्या सुलाने 2000 साली पहिली वाइन काढली तीत ही जात होतीच.

"हीच ना ती? मग भाऊसाहेब, पाप कुणाला? पिकवणाऱ्याला का पिणाऱ्याला?"

मी आधी कायद्याचा आडोसा घेतला. जानेवारी 2022 मध्ये सुपरमार्केटात वाइन विकू द्यायचे मंत्रिमंडळाने ठरवले, तेव्हा वाइन म्हणजे दारू नव्हेच, असे पुष्कळांनी सांगितले. (विरोधही तेवढाच झाला.) पण 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली प्यायला परवाना लागतो, तोही आरोग्याच्या जपणुकीसाठी! म्हणजे महाराष्ट्रातला प्रत्येक परवानाधारक प्रकृतीच सांभाळत असतो.

आप्पा हसले नाहीत. मग मी बी. कॉम. बाहेर काढले. माल दिला, पैसे घेतले, खाते बंद. पुढे त्याचे बेदाणे होवोत की बाटली, द्राक्षाला काय ठाऊक?

"द्राक्षाला नसेल, मला आहे ना," आप्पा म्हणाले. "थॉमसन विकला तर लोक खातात. ही बारीक, बियांची द्राक्षं बाजारात कोण घेणार? वाइनसाठीच लावली आम्ही."

याला आमच्या अकाउंटन्सीत उत्तर नव्हते. वास्तविक आप्पांनी तिथेच थांबायला हरकत नव्हती. पण कीर्तने ऐकलेला माणूस. मनुस्मृतीत मांसाच्या पापाची वाटणी आहे म्हणाले. मारणारा, विकणारा, विकत घेणारा, शिजवणारा, वाढणारा, खाणारा, सगळे एका माळेत. मला जरा बरे वाटले, कारण यात बँक कुठेच नव्हती.

"आणि सगळ्यांत पहिला कोण ठाऊक आहे? अनुमती देणारा."

मुलाच्या कर्जाची फाइल डोळ्यांपुढे आली. मंजुरी मॅनेजरची, हे खरे. पण खालच्या कोपऱ्यात 'शिफारस केली आहे' एवढे तीन शब्द आणि माझी लपेटदार सही. त्या दिवशी पेन चालत नव्हते म्हणून मी ती दोनदा केली होती.

हिने आप्पांपुढे भज्यांची बशी ठेवली. त्यांनी बाटलीपासून ती थोडी लांब सरकवली आणि दोन भजी खाल्ली.

"मग या महिन्याचा हप्ता भरायचा ना?"

"भरा," मी म्हणालो. तोंडात भजी होती, आवाज जरा घोगरा आला.