परराज्यातील यात्रिकाचा धर्म

कोणत्याही धर्मकृत्याच्या आरंभी यजमान संकल्प सोडतो, तेव्हा त्याला प्रथम देशकालाचा उच्चार करावा लागतो. बीड जिल्ह्यातला उपाध्याय तर गोदावरीच्या दक्षिण तीराचा निर्देश केल्यावाचून पुढे सरकतच नाही. आपण कोठे उभे आहोत याचे भान हे धर्माचरणाचे पहिले अंग मानणाऱ्या समाजाने, परमुलखात पाऊल टाकण्यापूर्वी तेथील कायद्याची चौकशी करणे ही निव्वळ व्यवहारचातुर्याची बाब समजावी, याचे नवल वाटते. वस्तुतः येथे दोन तात्त्विक प्रश्न उपस्थित होतात. जो कायदा करण्यात माझा हात नाही आणि ज्याची भाषाही मला अवगत नाही, त्याचे बंधन माझ्या विवेकबुद्धीवर कोणत्या न्यायाने पडते? आणि तो माझ्याकडून अजाणता मोडला गेला, तर मी दोषी ठरतो की केवळ दंडास पात्र होतो?

हे प्रश्न या जिल्ह्याच्या शिवेवर एके काळी नित्य उभे राहत. 1948 च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात सामील होईपर्यंत बीड निजामाच्या अमलात होते आणि पश्चिमेकडचा नगर जिल्हा इंग्रजांच्या. आष्टीच्या बाजूने आत शिरले की लोकांच्या भाषेत ‘मोगलाई’ लागली. चित्पावनांची कुलस्वामिनी योगेश्वरी अंबाजोगाईस असल्यामुळे, पुण्याकोकणातले एखादे कुटुंब कुळाचारासाठी निघाले, म्हणजे ते मराठी बोलणाऱ्याच पण परक्या राज्यात येत असे. तेथे सरकारी दप्तरी गावाचे नाव मोमिनाबाद, कचेरीची भाषा उर्दू, साल आजूर महिन्यापासून सुरू होणारे फसली, आणि दंडसंहिता ताजीराते हिंदऐवजी ताजीराते आसफिया. इंग्रजी कलदार रुपया मोडून हाली सिक्का घ्यावा लागे, सहा कलदारांस सुमारे सात हाली या भावाने. आणि जकातीचा अंमल करोडगिरी खात्याकडे असल्यामुळे, ओटीसाठी घेतलेले कोरे लुगडे ही देवीची वस्तू की जकातीस पात्र माल, याचा निवाडा यात्रिकाच्या भक्तीने होत नसून खात्याच्या कानूनाने होत असे. देवीला सरहद्द नव्हती. तिच्याकडे जाणाऱ्या वाटेला होती.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपल्या धर्मशास्त्राने राजाच्या बाजूने दिलेले आहे. जिंकलेल्या देशाचा जो आचार, जो व्यवहार आणि जी कुलस्थिती असेल तिचे राजाने पूर्ववत परिपालन करावे, असे याज्ञवल्क्य स्मृती सांगते. आणि या स्मृतीवरची ‘मिताक्षरा’ ही टीका विज्ञानेश्वराने लिहिली ती बीडच्या आग्नेयेस असलेल्या कल्याणीच्या चालुक्यांच्या राजधानीत. ज्याच्या हाती खड्ग आहे अशा जेत्यालाही जर देशाचार मोडण्याची मुभा नाही, तर ज्याच्या हाती केवळ पडशी आहे अशा पाहुण्याला ती कोठून असणार? शिवाय यात्रिकाची संमती प्रजेच्या संमतीहून अधिक स्पष्ट असते. जन्मलेल्या माणसाने आपले राज्य निवडलेले नसते. यात्रिक मात्र अर्ज करून, सही करून, प्रवेश मागून घेतो. इस्लामच्या हनफी शाखेतील फकीहांनी, म्हणजे धर्मशास्त्रज्ञांनी, हाच विचार ‘अमान’ या कल्पनेत मांडला आहे: अभयाचा कौल घेऊन जो परराज्यात गेला, त्याने तेथील लोकांच्या जीविताशी वा वित्ताशी दगा करणे हा करारभंग होय. आजचे अनेक उलेमा व्हिसा हा अशाच कराराच्या जागी मानतात.

दुसरा प्रश्न अधिक बिकट आहे. न्यायालये वस्तुस्थितीविषयीची चूक पुष्कळदा क्षम्य मानतात, कायद्याविषयीची मानत नाहीत. 1860 च्या भारतीय दंडसंहितेतही हाच भेद होता. यावर भाविक मनुष्य म्हणतो की राज्य निष्ठुर आहे, ईश्वर अंतःकरण पाहतो. परंतु धर्मशास्त्रे इतकी भाबडी नाहीत. मनूने बुद्धिपुरस्सर आणि अबुद्धिपूर्वक घडलेल्या पातकांची प्रायश्चित्ते निराळी सांगितली आहेत, पण अजाणता घडलेल्याला प्रायश्चित्तच नाही असे म्हटलेले नाही. हजयात्रेत इहरामचे निर्बंध, म्हणजे सुगंध लावू नये, नखे कापू नयेत इत्यादी, विसरून जरी मोडले, तरी हनफी मताप्रमाणे पाप लागत नाही, मात्र उल्लंघनाच्या मानाने भरपाई द्यावीच लागते. तात्पर्य, दोष आणि दंड यांची फारकत दोन्ही परंपरांनी केलेली आहे, आणि दंड मात्र अज्ञानाने सर्वस्वी टळत नाही. राहता राहिला दोष. तो अज्ञानाचा नव्हे, पण चौकशी शक्य असता न केल्याचा तो निश्चितच असतो.

मराठवाड्यातून हजला जाणारी एखादी म्हातारी आपल्या पेटीत घरी कुटलेला काळा मसाला बांधून नेते. त्यात चवीपुरती खसखस असते, आणि खसखस म्हणजे अफूच्याच बोंडातले बी. सौदी अरबस्तानात ती निषिद्ध पदार्थांत मोडते, आणि तेथील अमली पदार्थांचे कायदे अतिशय कडक आहेत. तिचा हेतू मक्केच्या धुळीइतका पवित्र असेल. परंतु तपासनीस हेतू तपासत नाही, पुडी तपासतो. हजच्या शिबिरात तवाफ आणि सई यांचे विधी शिकवितात, त्याच बैठकीत सामानातल्या निषिद्ध जिनसांचीही यादी सांगितली जावी, हे मला केवळ सोयीचे नव्हे तर शास्त्रास धरून वाटते. ज्ञान हे निर्बंधांचेच असते असेही नाही. 1963 च्या व्हिएन्ना करारान्वये, परदेशात अटक झालेल्या माणसास आपल्या वकिलातीला कळविण्याची मागणी करता येते. पण ज्याला हा हक्क ठाऊक नाही, तो मागणार काय?

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो रास्त आहे. परराज्याचा कायदा अन्यायाचा असेल तर? याला बीड जिल्ह्यातच उत्तर सापडते. स्वामी रामानंद तीर्थ मूळचे इंग्रजी मुलखातल्या विजापूर जिल्ह्यातील सिंदगीचे. 1930 मध्ये संन्यास घेतलेला हा पुरुष पुढे अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात मुख्याध्यापक होता. सार्वजनिक सभेला सरकारची पूर्वपरवानगी हवी, हे सांगणारी ‘गश्ती निशाण 53’ संस्थानात सर्वांना ठाऊक होती. 1938 च्या सप्टेंबरात हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधीच तिच्यावर बंदी आली, आणि ऑक्टोबरात स्वामीजी सत्याग्रह करून तुरुंगात गेले. त्यांनी कायदा मोडला तो तो वाचून, त्याची शिक्षा ओळखून आणि ती भोगण्याची तयारी ठेवून. न कळत त्यांच्या हातून बंदी मोडली गेली असती, तर तो सत्याग्रह न ठरता निव्वळ गफलत ठरली असती, आणि अन्यायाला त्याची झळही लागली नसती.

म्हणून परदेशी जाणाऱ्याने तेथील कायदा आधी जाणून घ्यावा तो दंडाच्या भयाने नव्हे. जो जाणतो त्याच्या पालनात सौजन्य असते आणि प्रसंगी त्याच्या भंगात धैर्य असते. जो जाणत नाही, त्याने नियम पाळला तर तो योगायोग आणि मोडला तर तो अपघात. दोन्हीही धर्माच्या कक्षेत येत नाहीत, कारण धर्माला कर्ता लागतो, आणि आपण काय करीत आहोत हे ज्याला ठाऊकच नाही, तो कर्ता नव्हे.