खांदा

आबाजींनी सत्तरी ओलांडली आणि घरात बंदुकीचा प्रश्न निघाला. वावर नात पल्लवीच पाहणार, हे ठरल्यासारखंच होतं. भाऊ चाकणच्या कारखान्यात रमला होता, वडिलांना रात्रीचं धड दिसत नव्हतं, आणि कृषीची पदवी घेऊन घरी परतलेली ही पोरगी तूर-हरभऱ्यात बापापेक्षा जास्त रुळली होती. पण शेतसंरक्षणाच्या परवान्यावरची बारा बोअर कोणाच्या नावावर करायची? परवानाधारकाचं वय सत्तर झालं, किंवा बंदूक पंचवीस वर्षं त्याच्याकडे राहिली, तर हयातीतच ती वारसाला देता येते, अशी सोय 2016 च्या शस्त्र नियमांत आहे. वारस 21 वर्षांचा हवा आणि त्यानं हत्यार हाताळायचं प्रशिक्षण घेतलेलं हवं.

गाव कारंजा घाडगे तालुक्यातलं, बोरच्या जंगलाच्या कडेचं. बोर अभयारण्य झालं 1970 मध्ये आणि व्याघ्र प्रकल्प 2014 मध्ये. गाभ्याचं क्षेत्र जेमतेम 138 चौरस किलोमीटर, त्यामुळे जंगल संपतं कुठं आणि वावर सुरू होतं कुठं, हे जनावरांना कळायचं काही कारण नाही. हरभरा घाट्यावर आला की डुकरं येतात, तूर शेंगेवर आली की रोही येतात, आणि चितळांचे कळप तर कोवळं काही दिसलं की येतातच. मग थंडीत मचाणावर जागल. आबाजींची बंदूक एवढ्या वर्षांत बहुतेक आभाळाकडे तोंड करूनच वाजली. पोराटोरांना वाटे आबाजी शिकारी, पण ते होते रात्रीचे राखणदार.

प्रशिक्षण वर्ध्याला, पोलीस मैदानावर. पल्लवी निर्धास्त गेली. कॉलेजात एनसीसीला असताना तिनं पॉइंट 22 ची डिलक्स रायफल चालवली होती, लेटून पोझिशन घेऊन पाच गोळ्यांचं ग्रुपिंग रुपयाएवढं आणलं होतं. त्या रायफलीचा धक्का असतो म्हणायचं, एवढंच. इथं तिच्या हातात बारा बोअर आली, खडकीच्या दारूगोळा कारखान्याचं ‘शक्तिमान’ काडतूस आत गेलं, आणि दस्ता खांद्यापासून बोटभर लांब ठेवून तिनं चाप ओढला.

तीन किलोची बंदूक तीस-एक ग्रॅम छर्रे पुढं फेकते. छर्रे जितक्या जोरानं पुढं जातात, तितक्याच जोरानं बंदूक मागं येते, हे नववीच्या पुस्तकात असतं. पुस्तकात नसतं ते असं, की मध्ये बोटभर जागा सोडली तर बंदूक त्या जागेत वेग घेऊन मग आदळते. पॉइंट 22 च्या तुलनेत हा धक्का शंभरपटीच्या घरातला. संध्याकाळपर्यंत खांदा निळा पडला.

दुसऱ्या दिवशी तिनं दस्ता घट्ट धरला, पण चाप ओढायच्या आधीच डोळे मिटले. छर्रे मातीत. तिसऱ्या वेळीही तेच. उस्ताद जुना हवालदार होता, काही बोलला नाही. त्यानं तिच्या नकळत एक रिकामं काडतूस भरलं आणि म्हणाला, “चलाव.” पल्लवीनं नेम धरला, चाप ओढला. नुसती टक् झाली. आणि तरी नळी वीतभर खाली आपटली, खांदा पुढं गेला, डोळे गच्च मिटले.

“काडतुसात काही नव्हतं,” उस्ताद म्हणाला. “मग नळी कोणी पाडली?”

मला या हवालदाराचं मोठं कौतुक वाटतं. भीती वाईट, असं त्यानं तिला एकदाही सांगितलं नाही. ती कुठं आहे तेवढं दाखवून दिलं.

आता घरात सल्ल्यांना ऊत आला. कमी धक्क्याची बंदूक घ्या, म्हणून पल्लवी आणि आबाजी नागपूरला एका परवानाधारक दुकानात गेले. दुकानदार बोलका. धक्का कमी कशानं होतो, हे त्यानं मन लावून समजावलं. काडतूस हलकं तर धक्का हलका, हे उघड. पण त्याच काडतुसाला बंदूक जड असेल तरीही धक्का कमी, कारण जड वस्तू मागं ढकलायला जास्त जोर लागतो. बायका-पोरांना लोक हौसेनं हलकी बंदूक देतात आणि खांदा मोडून घेतात. दस्त्याची लांबी माणसाच्या हाताला जुळायला हवी. दस्त्याच्या टोकाला रबरी गादी हवी. आणि कानात बोळे हवेतच, कारण अर्धा दचका आवाजाचा असतो, खांदा त्याचं नुसतं निमित्त होतो.

मग तो जगाच्या सफरीवर निघाला. अमेरिकेत बाप पोराला पहिल्यांदा हरणाच्या शिकारीला नेतो तेव्हा पुष्कळदा पॉइंट 243 घेतो. 1955 मध्ये निघालेली ही गोळी, मोठ्या रायफलींच्या निम्म्यानं धक्का, आणि हरणाला पुरेशी. जिम कॉर्बेटला चंपावतच्या वाघिणीनंतर जी रायफल भेट मिळाली ती पॉइंट 275 ची, चांगली हलकी. त्याच बोअरच्या रायफलीनं बेल नावाच्या शिकाऱ्यानं आफ्रिकेत हत्ती पाडले. “ताकद गोळीत नसते ताई, गोळी कुठं लागते त्यात असते. आणि धक्क्याला भिणाऱ्याची मोठी गोळी कुठंच लागत नाही.”

“पण आपल्याकडं हरणावर गोळी चालवायचीच नाही ना?” पल्लवीनं विचारलं.

“म्हणून तर पॉइंट 243 इथं कोणी मागत नाही,” तो हसला.

1972 च्या वन्यजीव कायद्यानं शिकारीला लगाम घातला, 1991 च्या दुरुस्तीनं उरलेले परवानेही संपवले. पिकाच्या नासाडीसाठी डुक्कर-रोह्यावर जी काय मुभा मिळते ती वनखात्याकडे रीतसर अर्ज करून, लेखी. चितळाचा प्रश्नच येत नाही.

दुकानदारानं मग पॉइंट 22 काढली. धक्का नाहीच, आणि ताईंना सवयही आहे.

आबाजींनी ती हातात घेतली, उलटीसुलटी पाहिली, परत ठेवली. “यानं डुक्कर मरत नाही, जखमी होते. जखमी डुक्कर सकाळी कोणाच्या तरी निंदणाऱ्या बायांत घुसते. मले कमी धक्का पायजे, पण तो दुसऱ्याच्या पोटात जाऊन नाही.”

पॉइंट 315 ची रायफल राहिली. धक्का बारा बोअरपेक्षा सुसह्य, नेम चोख. पण रायफलीची गोळी चुकली तर दोन-तीन किलोमीटर जाते, आणि आमच्याकडे दोन किलोमीटरवर दुसरं गाव असतं, मध्ये पाण्याच्या पाळीसाठी उठलेला माणूस असतो. छर्रे काहीशे मीटरवर मेलेले असतात. म्हणजे सगळं फिरून गाडी पुन्हा आबाजींच्या जुन्या बारा बोअरवर आली. दुकानातल्याच कारागिरानं तिचा दस्ता आबाजींच्या लांब हातांतून काढून पल्लवीच्या हाताला बसवला, म्हणजे इंचभर कापला, आणि टोकाला रबर लावलं. उस्तादानं सांगितलं, आधी बारीक छर्ऱ्यांची हलकी काडतुसं वाजव, मोठी नंतर. महिनाभरात डोळे उघडे राहायला लागले. धक्का होताच. फक्त तो कुठून येणार आणि कुठं बसणार, हे तिला आता ठाऊक होतं.

इथवर गोष्ट बंदुकीची. पुढं दिगांबर येतो.

दिगांबरचं वावर पल्लवीच्या धुऱ्याला लागून. माणूस वाईट नाही. आल्यागेल्याला चहा पाजणारा, लग्नकार्यात राबणारा. पण ही सगळी धावपळ पाहून त्याला हसू येई. “अर्ज, ट्रेनिंग, नागपूर, रबर... काऊन एवढा खटाटोप करून राहिली बाप्पा? शंभर रुपयाची तार घे, चार खुट्या ठोक, रात्री लाईन जोड अन् घरी जाऊन झोप. ना आवाज, ना परवाना. अन् खांदा त दुखतच नाही!”

“अन् वाघीण?” आबाजी म्हणाले.

तालुक्यात हा शब्द पुरतो. ब्रह्मपुरीकडून पकडून आणलेली एक तरुण वाघीण 2017 मध्ये बोरच्या जंगलात सोडली होती, गळ्यात रेडिओ कॉलर बांधून. माणसं मेली, तिला गोळी घालायचा आदेश निघाला, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, बंदुका घेतलेली पथकं दिवसरात्र मागावर. ऑक्टोबरात ती याच तालुक्यात शिंदीविहिरीच्या शिवारात एका वावराच्या तारेला चिकटून मेलेली सापडली. सरकारचे नेमबाज तिच्यावर एक गोळी झाडू शकले नाहीत. डुकरासाठी लावलेल्या तारेनं काम केलं.

“ते तवा,” दिगांबर म्हणाला. “आता आपल्याकडं कुठं वाघ येते?”

पुसात कडाक्याची थंडी पडली. परवाना पल्लवीच्या नावावर होऊन फार दिवस झाले नव्हते. मध्यरात्रीनंतर हरभऱ्यात खसफस झाली. तिनं मचाणावरून बॅटरी मारली. डोळे चमकले, बरेच. तिनं बंदूक उचलली, दस्ता खांद्याच्या खळीत बसवला, गाल टेकवला, आणि थांबली. आता एक जोराचा ठोसा आपल्याला बसणार आहे हे ज्याला माहीत असतं, तो आधी पुढं काय आहे ते नीट पाहतो. डुकरं नव्हती. चितळं होती, माद्या आणि पाडसं.

नळी वर करून तिनं एक बार काढला. कळप उधळला, धुरा ओलांडून दिगांबरच्या वावरात शिरला. बरं झालं, असं तिला वाटलं. मग पलीकडं एक निळी ठिणगी उडाली आणि धपकन काहीतरी पडलं.

तिनं घरी फोन करून आधी सगळ्यांना सांगितलं, कोणी धुऱ्याकडं येऊ नका. नंतर दिगांबरला उठवलं. त्यानं चार वेळा फोन वाजू दिला. लाईन सुटल्यावर बॅटरी घेऊन सगळे गेले. मादी तारेवर आडवी होती. पाडस जवळच उभं होतं, माणसं आली तसं पळालं. दिगांबर घाईघाईनं खुट्या उपटायला लागला, तेव्हा आबाजींनी त्याच्या हातावर काठी ठेवली. “आता काही हलवू नको.”

सकाळी वनरक्षक आला, मागून वनपाल. गावही जमलं. दिगांबर रात्रभर विचार करून तयार झाला होता. त्यानं पल्लवीकडं बोट केलं. “बार इनं काढला. कळप इनं माया वावरात हाकलला. मी त झोपलो होतो घरी. मी काय मारलं?”

लोक चूप. कारण तो खोटं बोलत नव्हता. बार तिनंच काढला होता, कळप तिनंच हाकलला होता. पल्लवी म्हणाली, “हो. रात्री एक बार मी काढला, हवेत. काडतूस वहीत लिहिलं आहे. चितळं होती हे मला दिसलं होतं. ती कुठं जातील, हे मी पाहिलं नाही.” वनपालानं ते टिपून घेतलं. हवेतल्या बाराबद्दल तुम्हाला ठाण्यात सांगावं लागेल, असंही म्हणाला. ती म्हणाली, सांगते.

मग दिगांबरला विचारलं, लाईन कोणी जोडली.

“लाईन त सरकारची हाय साहेब.”

मागं कोणीतरी फिस्सकन हसलं. वनपाल हसला नाही. कायद्यात शिकार म्हणजे नुसती गोळी नव्हे, फास लावणं, सापळा लावणं, विष घालणं ही सगळी शिकारच, असं त्यानं शांतपणे सांगितलं.

“पण मी हात त लावला काय जनावराले? मले त मालूम बी नाही पडलं कवा मेलं ते!” दिगांबरचा आवाज चढला. आणि हे मात्र त्याच्या अगदी आतून आलं होतं. त्याला खरंच कळलं नव्हतं. रात्री दोनला त्याच्या नावावर एक जीव गेला आणि त्याची कूससुद्धा बदलली नाही.

आबाजी इतका वेळ धुऱ्यावर बसून होते. ते उठले, पल्लवीला म्हणाले, “खांदा दुखते काय?”

“थोडा.”

“पाय बरं दिगांबर, इनं आभाळात बार काढला, तरी इचा खांदा दुखते. तुया खांदा दाखव.”

दिगांबर बावचळला. सदऱ्याच्या खांद्यावर त्याचा हात आपसूक गेला, आणि तिथं काहीच नव्हतं म्हणून तसाच खाली आला.

वनरक्षकानं पंचनामा वाचून दाखवला. मादी चितळ, गर्भार. तार इतकी फूट, खुट्या इतक्या. पंचांनी सह्या केल्या. पल्लवीनं तिच्या जबाबाखाली सही केली. मग कागद दिगांबरपुढं आला, पेन आलं.

“मी कायले सही करू?” दिगांबर म्हणाला. “मी त झोपलो होतो.”